वऱ्हाडातील खदानी, रेतीघाट व प्रागितिहासाची साधने

प्रस्तावना : इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख व नाणी डोळ्यांसमोर येतात. लेखनपूर्व काळाची साधने मात्र नदीच्या गाळात व खडकाच्या थरांत दडलेली असतात आणि ती पुष्कळदा प्रथम दिसतात ती खदानीत वा रेतीघाटावर राबणाऱ्या मजुराला. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात या साधनांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका : फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात खडीच्या खाणींतून निघणारी दगडी हत्यारे बूशे द पेर्थ यांनी अनेक वर्षे जमविली, परंतु विद्वानांनी त्यांचे प्राचीनत्व दीर्घकाळ मान्य केले नाही. १८५९ मध्ये प्रेस्टविच व इव्हान्स यांनी हत्यार मूळ थरात असतानाच त्याचे छायाचित्र घेतले आणि विद्वानांचे मत पालटू लागले. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये मद्रासजवळील पल्लावरम येथे खडीच्या खड्ड्यातच पुराश्मयुगीन हत्यार मिळाले.

वऱ्हाडातील पुरावे : मोर्शी तालुक्यातील सालबर्डी परिसरात सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे लॅमेटा थर उघडे पडले आहेत. तेथील डायनासोरचे हाड २०१३ मध्ये व अंड्यांचे घरटे २०१५ मध्ये अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी प्रकाशात आणले. पूर्णेच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आहे. अशी राख म्हणजे कालगणनेची खूणच. तिच्या वर वा खाली मिळालेल्या वस्तूचा काळ ठरविता येतो. वर्धेकाठच्या कौंडण्यपूरचा सांस्कृतिक क्रमही १९६२-६४ च्या उत्खननात थरांवरूनच लागला.

समस्या : यंत्राने उपसलेल्या रेतीत हाड किंवा हत्यार मिळाले तरी त्याचा थर हरवलेला असतो. वस्तू संग्रहालयात पोहोचते, पण तिचा काळ सांगणारा साक्षीदार ट्रकमधून निघून जातो. ही हानी भरून निघत नाही. कारण तो थर पुन्हा रचता येत नाही.

निष्कर्ष : थराची नोंद ही वस्तूइतकीच मोलाची आहे. घाटावर वा खदानीत काही आढळल्यास ते न हलविता ठिकाण, खोली व थर यांची नोंद आणि छायाचित्र घेणे, तसेच तज्ज्ञांना कळविणे, एवढे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास व भूशास्त्र विभागांना संयुक्तपणे करता येण्याजोगे आहे. मजुराला विश्वासात घेतल्याखेरीज मात्र ते साधणार नाही. कारण पहिली नजर त्याचीच असते.