कपाट, फडताळ आणि सिंदखेडराजा

परवा एका मित्राने विलायतेतल्या कुठल्याशा सरदारी हवेलीतल्या जुन्या कपाटाचा फोटो पाठवला. दारांवर ट्यूलिप, गुलाब, पानांच्या वेली... आणि हे सगळं रंगवलेलं नाही, लाकडाचंच! वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि सरसाने चिकटवायचे. याला मार्केट्री म्हणतात. पाकळीला सावली हवी असेल तर तेवढा तुकडा तापलेल्या वाळूत धरून कडेने करपवायचा. १७व्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमचा यान फान मेकेरेन अशा फुलांच्या कपाटांसाठी नावाजलेला होता.

खाली मित्राचा प्रश्न: "तुमच्या बुलढाण्याकडे राजवाडा आहे ना? त्यात आहे का असलं काही?"

राजवाडा आहे. सिंदखेडराजाला, लखुजीराव जाधवांचा. जिजाऊंचा जन्म तिथला, १२ जानेवारी १५९८. दरवाजा असा की मान वर करून बघावा. पण कपाट? छे!

आधी जरा ओशाळल्यासारखं झालं. मग वाटलं, 'कपाट' हा शब्दच बघा ना. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथची 'कपाटं' उघडली म्हणतात ती हीच. 'अलमारी' तर पोर्तुगीजांकडून आली. आपलं सामान असायचं भिंतीत. कोनाडा, दिवळी, फडताळ. उरलेलं पेटाऱ्यात आणि संदुकीत.

कारागिरी नव्हती असं मुळीच नाही. जिजाऊंच्याच काळात गुजरात आणि सिंधचे कारागीर पोर्तुगीजांसाठी लाकडात हस्तिदंत जडवत होते. गोव्यात सागवानावर शिसवी आणि हस्तिदंती जडावाच्या पेट्या बनत होत्या. त्यातल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या टिकल्या, कारण त्या उचलून जहाजावर चढवता आल्या.

फडताळ कोण उचलणार? ते भिंतीबरोबर उभं राहतं आणि भिंतीबरोबर पडतं. त्यात पेटारे सांभाळायला माणसं लागतात. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजीरावांना त्यांच्या मुलांसकट मारलं. ज्या घरातले कर्ते पुरुष असे एका दिवसात गेले, तिथल्या संदुकांचा हिशेब कुणाकडे मागायचा? इतिहास म्हणून आपण जे बघतो ते बरेचदा फक्त हलवता आलेलं सामान असतं.

आमचा गावचा वाडा विकला तेव्हा हे पटलं. सागवानी तुळया मोजून गेल्या, खांब गेले. माजघरातल्या फडताळाला कुणी भाव लावला नाही. आत आजीच्या तुपाच्या बरणीचा गोल डाग होता, दुसऱ्या खणात हळदीचा. भिंत पाडली तेव्हा दोन्ही डाग मातीत गेले. मला मिळाल्या फक्त त्याच्या दोन फळ्या. आता फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्यात.

मित्राला लिहिलं, आहे रे आमच्याकडेही कपाट. फक्त जुन्या अर्थाचं.