कागदावरचा नेम, कॅमेऱ्याची नोंद : प्रस्तावना

दहा मीटर एअर रायफलचे कागदी टार्गेट पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला त्याच्या लहान आकाराचे आश्चर्य वाटते. सर्वांत बाहेरच्या कड्याचा व्यास ४५.५ मिलिमीटर, तर मधला दहा गुणांचा पांढरा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा. त्यावर झाडायचा छर्रा मात्र ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. नेम बरोबर बसला की ठिपका उरतच नाही. ज्या मध्यापासून अंतर मोजायचे तो मध्यच कागदावरून नाहीसा होतो. मग गुण द्यायचे कसे? आपला विषय या प्रश्नापासून सुरू होतो.

पूर्वापार उत्तर गेजचे आहे. टार्गेट ओढून आणायचे, शंका असेल तेथे छिद्रात प्लग गेज घालायचा आणि त्याची कडा वरच्या गुणाच्या रेषेला टेकते का, हे भिंगातून पाहायचे. टेकली तर वरचा गुण. पूर्ण गुणांसाठी ही रीत आजही चोख आहे. पण एअर रायफलच्या स्पर्धेत आता गुण दशांशात मोजतात, आणि तेथे नुसता स्पर्श पाहून भागत नाही, अंतर मोजावे लागते. त्याचा हिशेब सोपा आहे. छर्र्याची त्रिज्या २.२५ मिलिमीटर आणि ठिपक्याची ०.२५, मिळून २.५. छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत आला की १०.० गुण, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत कमाल १०.९. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक पक्के करताना अखेरचा नेम १०.८ चा मारला. याचा अर्थ, दहा मीटरवरून झाडलेला छर्रा मध्यापासून फार तर अर्ध्या मिलिमीटरवर लागला होता.

मोठ्या स्पर्धांत ही मोजणी इलेक्ट्रॉनिक टार्गेट करते. काही यंत्रे आवाजाच्या लहरींवरून, काही अवरक्त किरणांवरून छर्र्याची जागा ठरवतात. ती यंत्रे उत्तम आहेत, पण महाग आहेत. शाळेच्या रेंजवर, लहान क्लबमध्ये, एनसीसीच्या छात्रांच्या सरावात अजूनही कागदच असतो, आणि पुढेही बराच काळ असेल. त्या कागदासमोर एक कॅमेरा उभा करून मोजमाप किती नेमके करता येते, याचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र.

हे काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी चित्र सरळ करण्याची. कॅमेरा गोळीच्या वाटेत ठेवता येत नाही, तो बाजूला किंवा खाली ठेवावा लागतो. तिरकस पाहिले की वर्तुळ लंबवर्तुळ दिसते, आणि त्या लंबवर्तुळाचा मध्य हा मूळ वर्तुळाच्या मध्याची प्रतिमा नसतो. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक येथेच होते. म्हणून कागदाचे चार कोपरे किंवा छापलेल्या चार खुणा धरून आधी चित्र सपाट करावे आणि मगच मध्य शोधावा. भिंगामुळे येणारा बाक काढण्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखी छापील चौकट वेगवेगळ्या कोनांतून टिपतात. ही सोपी रीत झेंगयू झांग यांनी २००० साली मांडली.

दुसरी पायरी कडी ओळखण्याची. यासाठी जे हफ रूपांतर वापरतात त्याचा उगम मजेशीर आहे. पॉल हफ यांनी १९६२ साली पेटंट घेतले ते बबल चेंबरच्या छायाचित्रांतील कणांच्या वाटा ओळखण्यासाठी. अणूच्या पोटातल्या कणांसाठी शोधलेली युक्ती आज छर्र्याच्या कामी येते. ती ‘ओपनसीव्ही’ या खुल्या सॉफ्टवेअर संचात कोणालाही फुकट मिळते.

तिसरी पायरी नवे छिद्र शोधण्याची. नेमाआधीचे आणि नंतरचे चित्र एकमेकांतून वजा केले की जे उरते ते नवे छिद्र, असे तत्त्व आहे. प्रत्यक्षात कागद वाऱ्याने हलतो, ढग आला की उजेड बदलतो, काळ्या भागातले काळे छिद्र दिसतच नाही. उपाय रेंजवरचेच आहेत : कागद ताठ बसवा, दिवा स्थिर ठेवा, मागे उजळ पाठ द्या.

चौथी पायरी छिद्राचा मध्य ठरवण्याची. कागदाचे तंतू छर्रा गेल्यावर थोडे परत येतात, त्यामुळे छिद्र छर्र्यापेक्षा लहान दिसते. म्हणून दिसणाऱ्या कडेवर विसंबू नये. कडेवरून मध्य काढावा आणि त्या मध्याभोवती छर्र्याचा खरा व्यास गणिताने ठेवावा.

एक अडचण मात्र नेमबाजाच्या कौशल्यातूनच येते. नेमबाज जितका चांगला, तितके छर्रे एकाच भोकातून जातात, आणि कॅमेऱ्याला नवे काही दिसत नाही. यावर खरा उपाय एकच, दर नेमाला नवा कागद. सॉफ्टवेअरने तेथे अंदाज करून आकडा दाखवू नये. नोंद नसेल तर नोंद नाही, असे स्पष्ट सांगणारे सॉफ्टवेअर मी अधिक विश्वासाचे मानतो.

एवढे कष्ट कशासाठी? गुणांसाठी तर खरेच, पण त्याहून मोठे कारण दुसरे आहे. कागद नेम कुठे लागला ते सांगतो, केव्हा लागला ते सांगत नाही. दहा छिद्रांचा पुंजका पाहून पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हे कोणताही प्रशिक्षक ओळखू शकत नाही. कॅमेरा प्रत्येक छिद्राला वेळ जोडतो. मग दिसते की पहिले सहा नेम मध्याशी होते आणि नंतरचे चार हळूहळू खाली उतरले. येथे दोष रायफलच्या साइटचा नसून दमलेल्या खांद्याचा असू शकतो. सगळा पुंजका सुरुवातीपासून एका बाजूला असेल, तर आधी साइट तपासावी. एनसीसीत ‘ग्रुपिंग’ शिकलेल्या प्रत्येकाला पुंजका कळतो, पण क्रम कळला की पुंजक्याचा अर्थ कळतो. या विषयाचे खरे देणे हेच आहे.

आपल्याकडे या अभ्यासाची गरज उघड आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. अशा नेमबाजांच्या मागे महागड्या यंत्रांशिवाय सराव करणारी मुले पुष्कळ आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपला प्रकल्प त्यांच्या रेंजवर नेला, तर दोघेही शिकतील.

फक्त एक शिस्त पाळावी लागेल. ८० मिलिमीटरचा कागद चित्रात १००० पिक्सेल व्यापत असेल, तर एक पिक्सेल ०.०८ मिलिमीटरचा होतो आणि एका दशांश गुणाला तीनच पिक्सेल मिळतात. कॅमेरा चौपट दूर नेला, तर एक दशांश एका पिक्सेलहूनही लहान होतो. अशा वेळी पडद्यावर १०.४ आणि १०.५ असे वेगळे आकडे दाखवणे म्हणजे नेमबाजाची फसवणूक आहे. आपल्या मोजणीत किती चूक असू शकते, ते आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे.

म्हणून नव्या वाचकाला एकच विनंती. सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी दहा कागदांवर एकेक नेम मारा, प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर हाताने, व्हर्नियरने मोजा आणि वहीत लिहा. मग तेच कागद कॅमेऱ्यासमोर धरा. दोन्ही आकड्यांतला फरक वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा, आणि तो फरक माहीत झाल्यावरच पुढच्या मोजणीवर विश्वास ठेवा.