बोस्टनची थैली आणि नगरच्या शाळा

धर्मप्रसाराचें कार्य श्रद्धेच्या बळावर चालतें असें म्हणतात; पण तें चालविणाऱ्या संस्थेला दरसाल जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. उपदेशकाचा पगार, पंतोजीचें वेतन, छापखान्याचा कागद आणि दवाखान्यांतील औषधें हीं सारीं एकाच थैलीकडे हात पसरतात. थैली अपुरी पडली म्हणजे आधीं कोणाला द्यावयाचें, हा प्रश्न मग केवळ हिशेबाचा राहत नाहीं. आपलें मुख्य कार्य कोणतें, याविषयीं संस्थेनें दिलेला तो कौलच असतो. अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासांत असा कौल १८५४-५५ सालीं लागला.

या मिशनची मातृसंस्था १८१० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत स्थापन झाली. तिचा मुख्य आधार काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांचा होता. त्या मंडळ्यांतील शेतकरी, व्यापारी आणि घरोघरच्या स्त्रिया यांनीं दिलेल्या वर्गणीवर तिचा कारभार चाले. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे तिचे दोन मिशनरी मुंबईस उतरले. पुढें १८३१ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें पडलें. प्रवचनें, बायबलचें भाषांतर, छपाई आणि शाळा अशा चारही अंगांनीं काम वाढलें. मिशनरी आपल्या खर्चाचे अंदाज बोस्टनला पाठवीत आणि तेथील कार्यकारी समिति कोणत्या कामाला किती रक्कम द्यावयाची हें ठरवी.

ही व्यवस्था किती नाजूक होती हें १८३७ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं अमेरिकेंत व्यापाराची मोठी मंदी आली, वर्गण्या आटल्या आणि खर्च कमी करण्याचे हुकूम सुटले. सिंहलद्वीपांतील जाफना येथें अनेक शाळा बंद करून हजारों मुलांना घरीं पाठवावें लागलें. न्यूयॉर्कच्या पेढ्या बुडाव्या आणि जाफन्याच्या खेड्यांतील शाळेचें दार लागावें, असा हा दूरचा संबंध होता.

या काळांत संस्थेच्या परदेशखात्याचीं सूत्रें रूफस अँडरसन यांच्या हातीं होतीं. १८३२ पासून १८६६ पर्यंत ते चिटणीस होते. त्यांचें मत असें कीं, मिशनचा खरा हेतु सुधारणा पसरविणें हा नव्हे. जी आपला कारभार आपण पाहील, आपला खर्च आपण सोशील आणि आपला धर्म आपणच पसरवील अशी स्थानिक मंडळी उभी करणें हा होय. इंग्लंडांत हेन्री व्हेन हेही याच विचाराचे होते. मग पैसा प्रथम कशाला द्यावयाचा? देशभाषेंतील उपदेशाला आणि देशी पाळक तयार करण्याला. इंग्रजी शाळा अँडरसनना महाग वाटत. शिवाय त्यांतून शिकलेला तरुण खेड्यांत परत न जातां सरकारी कचेरीची वाट धरी, हा त्यांचा अनुभव होता.

१८५४ सालीं अँडरसन व ऑगस्टस थॉम्प्सन हे दोघे स्वतः हिंदुस्थानांत आले. मिशनऱ्यांशीं चर्चा झाल्या. इंग्रजी शिक्षणावरील खर्च थांबला आणि इतर शाळांवरचाही हात आखडला. जाफन्याजवळील बट्टिकोटा येथील १८२३ पासून चाललेलें नामांकित विद्यालय १८५५ सालीं बंद झालें. त्याच धोरणाची दुसरी बाजू नगरांत दिसली. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां मराठी गृहस्थांना १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. शाळा गेली, पण मंडळीचें नेतृत्व देशी हातीं येऊं लागलें.

हा कौल सर्वांना मान्य नव्हता. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ आणि मुंबईस जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनीं नेमका उलटा मार्ग धरला होता. विल्सन यांनीं १८३२ सालीं सुरू केलेल्या शाळेंतूनच पुढें विल्सन कॉलेज झालें. शिवाय १८५४ च्या जुलैंतच चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली होती. सरकारची थैली उघडत असतां बोस्टनची मिटत होती! अमेरिकेंतही असंतोष उठला. १८५६ च्या मार्चमध्यें ऑल्बनी येथें संस्थेची खास सभा भरली. मिशनऱ्यांनीं हे निर्णय मोकळ्या मनानें घेतले कीं चिटणिसांच्या वजनाखालीं, हा तेथील कळीचा मुद्दा होता. वाद गाजला, तरी धोरण बहुतांशीं टिकलें.

अँडरसन यांच्या विचारांत तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. परक्या पैशावर कायमची पोसलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधीं उभी राहत नाहीं, आणि मातृभाषेवांचून धर्म अंतःकरणांत उतरत नाहीं, हीं दोन्हीं तत्त्वें त्यांनीं ओळखलीं होतीं. मात्र स्वावलंबनाचा हा धडा हुकमाच्या रूपानें दूरदेशाहून आला, ही त्यांतील विसंगति. दुसरी उणीव मोजमापाची होती. नगरांत सिंथिया फॅरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली होती, आणि १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं व सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली. मंडळीच्या सभासदांच्या यादींत या फळाची नोंद कोठें होणार?

पुढें काळानेंच खातें पुन्हा उघडलें. बट्टिकोट्याच्या जागीं १८७२ सालीं जाफना कॉलेज उभें राहिलें, आणि त्यासाठीं तेथील देशी ख्रिस्ती लोकांनींच आग्रह धरला होता. नगरांत रॉबर्ट ह्यूम यांनीं १८७८ सालीं धर्मशिक्षणाचें विद्यालय काढलें, आणि १९४७ सालीं डॉ. भा. पां. हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. ज्या देशी माणसांच्या हातीं कारभार यावा म्हणून अँडरसन यांनीं शाळांचा खर्च तोडला, त्यांच्या हातीं कारभार आल्यावर त्यांनीं प्रथम शाळाच मागितल्या.