कंत्राट अधिकाऱ्यांचे वेतन (अमेरिका)
अमेरिकेच्या संघ सरकारात निविदा काढणारे, कंत्राटे ठरवून ती तडीस नेणारे कर्मचारी ‘1102’ या पदमालिकेत मोडतात. बहुतेकांचा पगार 15 श्रेण्यांच्या ‘जनरल शेड्यूल’वरून ठरतो. मूळ वेतन देशभर एकच. त्यावर 1994पासून स्थानिक वाढ मिळते. ही वाढ महागाईवर बेतलेली असते, हा समज चुकीचा आहे. त्या परिसरात सरकारबाहेर तशाच कामाला काय मिळते, ते पाहून ती ठरते. 2024मध्ये बाराव्या श्रेणीच्या पहिल्या टप्प्याचे वार्षिक मूळ वेतन 74,441 डॉलर होते. ‘उर्वरित अमेरिका’ या विभागात 16.82 टक्के वाढीने ते 86,962 झाले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात वाढ 45.41 टक्के असल्याने त्याच पदाला 1,08,000हून अधिक डॉलर मिळत. काम आणि खरेदीची नियमावली मात्र तीच.