परत मागवलेला खुबा, न सापडलेले पेशंट

खुबा बदललेलं एक तरी माणूस हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतं. म्हणून हा जुना विषय पुन्हा काढतोय.

२४ ऑगस्ट २०१०. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांना तो बसवून झाला होता. वाटी धातूची, आतला गोळाही धातूचाच. चालताना दोन्ही एकमेकांवर घासायचे आणि कोबाल्ट-क्रोमियम आजूबाजूच्या मांसात, रक्तात उतरायचं. ब्रिटनच्या नोंदींत पाच वर्षांच्या आत साधारण आठातल्या एकाला दुसरं ऑपरेशन लागलेलं दिसलं. ऑस्ट्रेलियात तर तो २००९च्या डिसेंबरातच विक्रीतून काढला होता.

‘परत मागवला’ हा शब्दच मला खटकतो. दुकानातला माल परत जाईल हो, मांडीच्या हाडात ठोकलेला कसा जाणार?

भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली. पण कुणाला कुठला सांधा बसवला याची ब्रिटनसारखी सक्तीची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नव्हती. २०१८ साली केंद्राच्या डॉ. अरुण अग्रवाल समितीचा अहवाल आला, तेव्हाही साडेतीन हजारांहून जास्त पेशंटांचा पत्ता लागलेला नव्हता!

आधी हललं ते आपलं राज्य, हे सांगायलाच हवं. महाराष्ट्राच्या एफडीएने माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. दिल्लीची सूचना निघायला २०१३चा डिसेंबर उजाडला. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत सुमारे ८ हजार पेशंटांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती.

इथे अडचण कायद्याचीच. १९४०च्या औषध कायद्यात शिक्षा आहे, पण पेशंटला भरपाई देण्याची तरतूद नव्हती. समितीने किमान २० लाख सुचवले, पुढच्या समितीने ३० लाख ते १.२३ कोटी असं सूत्र काढलं. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. मे २०१९मध्ये, दुसरं ऑपरेशन झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायला ती तयार झाली. फक्त ६७.

तुमच्या घरी कुणाचा खुबा २०१०च्या आधी बदललाय का? मग जुनी फाइल काढा. ऑपरेशनच्या कागदांवर इम्प्लांटचं स्टिकर असतं, त्यावर नाव आणि नंबर बघा. एएसआर असेल तर दुखत नसलं तरी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी विचारा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी मागा. आणि फाइल रद्दीत घालू नका, दावा करायचा तर तोच पुरावा आहे.