गाळाच्या खोऱ्यांतील भूकंपकंपनांचे वर्धन : अनुमानपद्धतींचा ऐतिहासिक आढावा

भूकंपाची हानी केवळ केंद्रापासूनच्या अंतरावर ठरत नाही, ही बाब १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाविषयी ॲण्ड्र्यू लॉसन यांच्या आयोगाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातून ठळकपणे पुढे आली. हॅरी वुड यांनी शहरातील पडझड भूस्तरांशी ताडून पाहिली. टेकड्यांच्या खडकापेक्षा भरावाच्या व दलदलीच्या जमिनीवर हानी अधिक होती. परंतु 'किती पट?' या प्रश्नाला त्या नकाशात उत्तर नव्हते.

त्या दिशेने महत्त्वाचे पाऊल १९७० मध्ये रॉजर बोर्चर्ट यांनी टाकले. एकाच धक्क्याची गाळावरील व खडकावरील नोंद घेऊन त्यांच्या वर्णपटांचे गुणोत्तर काढावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. त्यासाठी त्यांनी नेवाडातील भूमिगत अणुस्फोटांची कंपने वापरली. शीतयुद्धातील शस्त्रचाचणीतून नगररक्षणाचे साधन निघावे, हा इतिहासाचा विलक्षण योगच म्हणावा लागेल.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीने या प्रश्नाचे गांभीर्य जगासमोर आणले. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर असूनही टेक्सकोको सरोवराच्या जुन्या तळावर त्वरणाचे शिखरमूल्य शहरातील कठीण भूभागाच्या चार-पाच पट नोंदले गेले. थराच्या जाडीच्या चौपटीस छेदलहरींच्या वेगाने भागले असता त्याचा नैसर्गिक आवर्तनकाल मिळतो. ४० मीटर जाडी व सेकंदास ८० मीटर वेग धरल्यास तो २ सेकंद येतो. नेमक्या याच आवर्तनकालाच्या कंपनांनी मध्यम उंचीच्या इमारती अनुनादात सापडल्या.

१९८९ मध्ये जपानी रेल्वे संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी एकाच उपकरणाने सूक्ष्मकंपांचे क्षैतिज-ऊर्ध्व गुणोत्तर काढण्याची पद्धत प्रचलित केली. तिची बीजे नोगोशी व इगाराशी यांच्या १९७१ च्या कार्यात आहेत. तिच्या प्रसारास सैद्धांतिक बळापेक्षा अल्प खर्च अधिक कारणीभूत ठरला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. युरोपीय सेसमी प्रकल्पाने २००४ मध्ये स्पष्ट केले की या गुणोत्तरातून मूलभूत वारंवारता मिळते. शिखराची उंची म्हणजे वर्धनाचे माप नव्हे.

शिवाय सपाट थराचे गृहीतक खोऱ्याच्या कडेला टिकत नाही. आकी व लार्नर यांनी असमतल थरांचे गणित १९७० मध्येच मांडले होते. १९९५ च्या कोबे भूकंपातील हानीच्या पट्ट्याने त्याची निकड पटवली. काठमांडू खोऱ्यात २५ एप्रिल २०१५ रोजी चार ते पाच सेकंदांची दीर्घ कंपने प्रबळ ठरली, तर बुटक्या घरांना बाधणारी ऱ्हस्व कंपने तुलनेने क्षीण राहिली.