रात्रीचे घड्याळ



पोरिसीचे पच्चक्खाण घेतले की आपण मोबाईलवर वेळ बघतो. घड्याळे नव्हती तेव्हा साधू-साध्वी वेळ कशी मोजत? उत्तराध्ययन सूत्राच्या २६व्या अध्ययनात, सामाचारीत, याचे उत्तर आहे. दिवसाची पोरिसी सावलीवरून ठरे: आषाढात दोन पावले, पौषात चार, चैत्र आणि आश्विनात तीन. रात्रीचेही चार प्रहर होते. पहिल्यात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात झोप, चौथ्यात पुन्हा स्वाध्याय. ही रात्र मोजायची नक्षत्रावरून. रात्रभर दिसणारे त्या काळातले नक्षत्र आकाशात ठरावीक जागी आले की स्वाध्याय थांबवायचा. सूर्यप्रज्ञप्तीत तर अभिजित धरून २८ नक्षत्रांचा हिशेब आहे. तारे बघणे हा तेव्हा छंद नव्हता, ती रोजच्या आचाराची गरज होती.

आता आपले नाशिक बघा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. सातपूरची आणि पुढे अंबडची वसाहत उभी राहिली. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांवर चालते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा विचार नाही. पण आवारातले दिवे बदलत गेले. आधी मर्क्युरी, मग पिवळे सोडियम, आता पांढरे एलईडी फोकस. उंच खांबावर तिरका बसवलेला फोकस बराच उजेड आकाशात फेकतो, आणि त्या बाजूचे तारे पुसले जातात.

प्रश्न फक्त ताऱ्यांचा नाही. "दिवा लावून रात्री जेवले तर काय बिघडते?" या प्रश्नाला आपल्या घरांतले जुने उत्तर आहे, की दिव्यावर जीव आणखी येतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचे कारण सापडते. उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण निसर्गात उजेड वरून, आकाशातून येतो. दिव्याजवळ त्यांना वर-खाली कळेनासे होते आणि ते तिथेच घिरट्या घालत राहतात. निळसर पांढऱ्या उजेडाला ते पिवळ्यापेक्षा जास्त भुलतात.

श्रावकाच्या बारा व्रतांत आठवे अनर्थदंड विरमण. गरजेपोटी घडणारी हिंसा वेगळी आणि कारणाशिवाय घडणारी वेगळी. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईच्या वाटेवर दिवा हवाच. पण आकाशात गेलेला उजेड कोणाच्याच कामाचा नाही. तो अनर्थदंड आहे, आणि त्याचे वीजबिलही आपणच भरतो.

उपाय आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली उजेड पाडणारे बसवले. गावे अंधारात गेली नाहीत.

तेव्हा बहिणींनो, चातुर्मासाआधी घरात एवढे बोलून बघा. कारखान्याचा, दुकानाचा, मंगल कार्यालयाचा फोकस जमिनीकडे वळवता येईल का? त्याला वरून टोपी बसेल का? पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा चालेल का? काम संपल्यावर तो बंद करता येईल का? चातुर्मासात जीवोत्पत्ती सर्वांत जास्त असते. हिरवी भाजी सोडण्याचा नियम आपण घेतोच, त्याच्या जोडीला हा एक नियम घेऊ या.